संगणकाचं घड्याळ बरोबर ठेवायचं कसं? आधी फरक मोजा, मग सिंक करा

सेवा केंद्रात, मोंढ्यातल्या आडतीवर किंवा शाळेच्या संगणक कक्षात एखादं मशीन अचानक ‘नेट नाही’ म्हणून अडून बसतं. वायफायची खूण भरलेली असते, मोबाईलवर सगळं उघडतं, संगणकावर मात्र एकही सरकारी पोर्टल उघडत नाही. परभणी, सेलू, जिंतूर या पट्ट्यात दुरुस्तीच्या कामाला फिरताना एक वाक्य सारखं कानावर पडतं, “भाऊ, नेट तर हाय, पण साईटच उघडंना.” माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काका, खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसायली ते सांगा.” बऱ्याचदा तिथे कुठल्या तरी जुन्या सालातली १ जानेवारी असते.

तारीख चुकली की साईट का उघडत नाही, हे एकदा समजून घेतलं की अर्धी भीती जाते. कुलपाची खूण असलेल्या प्रत्येक साईटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असं नोंदलेलं असतं. ब्राउझर ते आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून बघतो. संगणकाच्या लेखी आज २०१६ साल असेल, तर गेल्या महिन्यात दिलेलं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं आणि तो दार लावून घेतो. क्रोम अशा वेळी ‘युवर क्लॉक इज बिहाइंड’ असं स्पष्ट सांगतो, पण घाईत ते कोणी वाचत नाही. मग राउटर बंद-चालू होतो, ब्राउझर नव्याने टाकला जातो, कधी कधी अख्खं विंडोज बदललं जातं. गरज असते ती घड्याळ नीट करण्याची.

तारीख बरोबर आणि वेळ पाच-दहा मिनिटं चुकलेली असेल तर साईट उघडतात, पण दुसरीकडे त्रास होतो. पीक विम्याच्या शेवटच्या दिवशी केंद्रावर रांग असते. पोर्टल बंद होतं ते त्यांच्या सर्व्हरच्या वेळेनुसार. आपलं घड्याळ सात मिनिटं मागे असेल, तर ऑपरेटरला वाटतं अजून वेळ आहे आणि शेतकऱ्याचा अर्ज भरता भरता पोर्टल बंद पडतं. मोबाईलमधल्या ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो पूर्णपणे घड्याळावरच चालतो. (तिथे घड्याळ बघायचं ते मोबाईलचं. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीचा याच्याशी संबंध नाही.) बायोमेट्रिक हजेरी एक वेळ दाखवते, सीसीटीव्ही दुसरी, बिलाचा संगणक तिसरी, आणि वाद झाला की कोणाचं खरं धरायचं हा प्रश्न उरतो.

यावर लोक जो उपाय सांगतात तो विंडोजमधलं ‘सिंक नाऊ’चं, म्हणजे नेटवरून वेळ जुळवण्याचं, बटण दाबण्याचा. बटण दाबावं, पण आधी घड्याळ किती चुकलंय ते मोजावं. ती चूक किती आहे यावरून रोग कळतो. न मोजता सिंक केलं तर वेळ तेवढ्यापुरती सुधारते, मूळ दोष आत तसाच राहतो आणि नेमका गर्दीच्या दिवशी वर येतो.

मशीनमध्ये घड्याळं दोन असतात

मदरबोर्डवर एक छोटं घड्याळ असतं, त्याला आरटीसी म्हणतात. त्याचा क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. मशीन बंद असताना हे घड्याळ गोल चपट्या सेलवर चालत राहतं. दुसरं घड्याळ विंडोज किंवा लिनक्सचं. मशीन सुरू होताना ते आरटीसीकडून वेळ उचलतं आणि पुढे प्रोसेसरच्या टायमरवर स्वतःची मोजदाद करतं. नेटवरून वेळ जुळवणं म्हणजे हे दुसरं घड्याळ बाहेरच्या खात्रीच्या घड्याळाशी मिळवून घेणं.

दोन्ही घड्याळं थोडी थोडी सरकतातच. साधा स्फटिक दशलक्षाला वीस भाग चुकला, तर दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला साधारण पन्नास सेकंदांचा फरक पडतो. त्यात आपल्याकडची गरमी. हे स्फटिक २५ अंशांच्या आसपास नीट चालावेत असे घडवलेले असतात. तापमान त्याच्या वर गेलं तरी आणि खाली आलं तरी ते मंदावतात, आणि तापमान जितकं दूर जाईल तितकं हे मंदावणं झपाट्याने वाढतं. कॅबिनेटच्या आत ४५ अंश असतील तर एवढ्या एका कारणाने दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास तोटा होतो. मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात, पंख्यावर धूळ साचलेल्या मशीनमध्ये तेवढं तापमान सहज होतं. यात बिघाड काही नाही, प्रत्येक स्वस्त घड्याळाचा हा स्वभावच आहे. नेटवरून वेळ जुळवण्याची सोय याच सरकण्यासाठी केलेली आहे.

फरक कसा मोजायचा आणि त्यावरून काय ओळखायचं

मोबाईलच्या सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ आहे याची खात्री करा. मग मोबाईलच्या ब्राउझरमध्ये टाइम डॉट इज ही साईट उघडा. ती खुद्द मोबाईलचं घड्याळ किती चुकलंय तेही सांगते. आता संगणकाची वेळ शेजारी ठेवून फरक कागदावर लिहा: तारीख, तास, मिनिटं, जमलं तर सेकंद.

तारीखच काही वर्षं मागे गेली असेल, तर सेल संपला. रात्री मशीन बंद केलं आणि सकाळी घड्याळ साधारण तेवढेच तास मागे दिसलं, तर सेल शेवटच्या घटका मोजतोय.

बरोबर अर्धा तास मागे असेल, तर टाइम झोनच्या यादीत भारताऐवजी कराची निवडलेलं असतं. अर्धा तास पुढे असेल तर ढाका, पाव तास पुढे असेल तर काठमांडू. यादीत ही नावं जवळजवळ असतात, माऊस घसरला की झालं. याच यादीत श्री जयवर्धनेपुरा नावाची श्रीलंकेची ओळ आहे. तिथली वेळ आपल्याइतकीच असल्याने घड्याळ बरोबर दिसतं, तरी ओळ भारताचीच निवडावी. नवीन विंडोज टाकल्यावर घड्याळ साडेतेरा किंवा साडेबारा तास मागे असेल, तर झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहिलाय. (त्यांच्याकडे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सरकवतात, म्हणून दोन आकडे.)

साडेपाच तासांचा फरक आणि त्याच मशीनवर लिनक्सही असेल, तर त्याचं कारण वेगळं आहे, ते पुढे येईल. अडीच तास पुढे हा डीव्हीआरचा, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रीकरण साठवणाऱ्या पेटीचा, नेहमीचा आजार. चीनमधून येणाऱ्या बऱ्याच डीव्हीआरमध्ये झोन तिकडचाच असतो. नेमके बारा तास म्हणजे हाताने वेळ लावताना सकाळ-संध्याकाळ उलटी झाली. आणि काही सेकंद ते दोन-चार मिनिटं असा वेडावाकडा फरक असेल, तर मशीन धडधाकट आहे, फक्त ते बऱ्याच दिवसांत सिंक झालेलं नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. “लाईट सारखी जाते म्हणून घड्याळ मागं पडतंय” असं अनेकजण म्हणतात. सेल चांगला असेल तर लाईट दिवसातून दहा वेळा गेली तरी आरटीसी थांबत नाही. वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणं हेच सेलचं काम आहे. पण एक गोष्ट खरी आहे. मशीनची पिन बोर्डात असून बटण चालू असतं, तेव्हा आरटीसी विजेवर चालतं आणि सेल जपला जातो. दुकान बंद करताना मेन स्विच पाडला, की रात्रभर सगळा भार सेलवर येतो. आगीच्या भीतीने मेन पाडणं योग्यच आहे, ती सवय मोडू नका. अशा ठिकाणी सेल लवकर बदलावा लागणार, एवढं गृहीत धरा.

सेल बदलणं

डेस्कटॉपमध्ये बहुधा सीआर २०३२ हा सेल असतो. हा आकडा म्हणजे त्याचं माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. दुकानदार कधी सीआर २०२५ हातावर ठेवतो. तो २.५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे पातळ असतो आणि खाचेत सैल बसतो. घेऊ नका. मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजा. नवा सेल तीन व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. पावणेतीनच्या खाली आला असेल तर बदलून टाका.

बदलण्याआधी मशीन सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा. सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहायचं, काही कंपन्यांची कळ वेगळी असते. तिथल्या पडद्यांचे मोबाईलवर फोटो काढा. बूट मोड यूईएफआय आहे की लेगसी, आणि साटा मोड एएचसीआय आहे की रेड, हे दोन तर नक्की टिपा. सेल काढल्यावर या सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात, आणि मग विंडोज सुरूच होत नाही. हार्डडिस्क गेली म्हणून लोक घाबरतात, ते इथेच. मशीनवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. बायोसच्या सेटिंग हलल्या की काही वेळा ती मागितली जाते.

मग मशीन बंद करा आणि पिन काढा. पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट उतरतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, अंगातली स्थिर वीज तिथे जाते. सेलच्या कडेला एक छोटी पत्र्याची जीभ असते. ती नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने बाहेरच्या बाजूला दाबली की सेल स्वतःच वर उचकतो. स्क्रू-ड्रायव्हरने खालून उचकटू नका, खाचेची पिन वाकते. नवा सेल अधिकची खूण वर ठेवून आधी एका कडेने सरकवा, मग दुसरी कड दाबा. ‘टक’ असा आवाज आला की बसला. जुना सेल घरात लहान लेकरांच्या हाती लागेल असा कुठेही टाकू नका, गिळला तर जिवावर बेततं.

लॅपटॉपमध्ये हा सेल पुष्कळदा वायरसह असतो आणि पूर्ण खालची बाजू उघडावी लागते. सवय नसेल तर ते काम कारागिराकडे द्या.

आता बायोसमध्ये तारीख-वेळ हाताने लावा, फोटोंप्रमाणे सेटिंग तपासा आणि विंडोज सुरू करा. सेल खरंच धरतोय का हे बघायचं असेल, तर रात्री मेन बंद ठेवा आणि सकाळी विंडोज सुरू होऊ न देता थेट बायोसमधली वेळ बघा. विंडोज उघडल्यावर बघून उपयोग नाही. तोवर नेटवरून वेळ सुधारलेली असू शकते आणि मेलेला सेलही चांगला वाटतो.

विंडोजमध्ये

टास्कबारवरच्या घड्याळावर राईट क्लिक करून ‘ॲडजस्ट डेट अँड टाइम’ उघडा. ‘सेट टाइम झोन ऑटोमॅटिकली’ बंद करून झोनमध्ये चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली ही यूटीसी+०५:३० ची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या (यूटीसी) साडेपाच तास पुढची, ओळ निवडा. जागेवर बसून असलेल्या डेस्कटॉपला झोन आपोआप शोधायची गरजच नाही. ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू करा. मग खाली ‘सिंक नाऊ’ दाबा. शेजारी शेवटचं यशस्वी सिंक कधी झालं ते येतं, ती वेळ आत्ताची असली पाहिजे.

फरक फार मोठा असेल तर हे बटण काम करत नाही. डोमेनमध्ये (कार्यालयाच्या एका सर्व्हरच्या ताब्यातल्या जाळ्यात) नसलेल्या विंडोज मशीनला मुळातच अशी मर्यादा घातलेली असते, की बाहेरची वेळ १५ तासांपेक्षा जास्त वेगळी असेल तर ती घ्यायचीच नाही. यात शहाणपण आहे. कोणी खोट्या वेळेचा सर्व्हर पुढे केला तर मशीन एका क्षणात भलत्या वर्षात जाऊ नये. म्हणून तारीख २०१६ मध्ये गेली असेल तर आधी हाताने आजची तारीख आणि अंदाजे वेळ लावा, मग सिंक करा.

सर्व्हर बदलायचा असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये ‘डेट अँड टाइम’ उघडा, ‘इंटरनेट टाइम’ या टॅबवर जाऊन ‘चेंज सेटिंग्ज’ दाबा. तिथे टाइम डॉट विंडोज डॉट कॉम असं आधीपासून असतं. ते खोडून हवा तो पत्ता टाका, ‘अपडेट नाऊ’ दाबा आणि ओके करा. हा टॅबच दिसत नसेल, तर मशीन कार्यालयाच्या डोमेनमध्ये आहे. त्याची वेळ डोमेनचा सर्व्हर ठरवतो, तिथे परस्पर हात घालू नका.

तरी अडलं तर ‘सर्व्हिसेस’ उघडून विंडोज टाइम ही सर्व्हिस शोधा, स्टार्टअप टाइप ऑटोमॅटिक करा आणि स्टार्ट दाबा. जिथे मशीन तासाभरासाठी चालू होतं आणि पुन्हा बंद होतं, तिथे हा बदल फार कामाचा आहे. विंडोज ७ अजून चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ते मूळ सेटिंगला आठवड्यातून एकदाच सिंक होतं.

नेमकं काय चाललंय हे बघायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. कमांडचं नाव इंग्रजी अक्षरांत डब्ल्यू, ३२, टी, एम असं सलग लिहायचं. त्यापुढे एक जागा सोडून तिरकी रेघ आणि क्वेरी, पुन्हा जागा, तिरकी रेघ आणि स्टेटस. उत्तरात ‘सोर्स’ या ओळीत सर्व्हरचं नाव दिसलं पाहिजे. तिथे लोकल सीएमओएस क्लॉक असं आलं, तर मशीन अजून स्वतःच्याच घड्याळावर आहे, कोणाशी बोललेलंच नाही. त्याच कमांडपुढे तिरकी रेघ आणि रिसिंक लिहिलं की ते लगेच सिंक करायला बघतं. ‘नो टाइम डेटा वॉज अव्हेलेबल’ असं उत्तर आलं, तर बहुधा वाटेत फायरवॉल (नेटची ये-जा अडवणारी चाळण) आडवा आहे. वेळेची विचारपूस यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून होते. काही कॉलेज आणि कार्यालयांत तो बंद केलेला असतो. तिथल्या नेटवर्क सांभाळणाऱ्याला एवढा आकडा सांगितला तरी पुरे.

बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडं असताना वेळ मोठ्या फरकाने बदलू नका. घड्याळ मागे उडी मारतं तेव्हा आधीचं बिल नंतरच्या वेळेचं होतं आणि नोंदींचा क्रम बिघडतो. सकाळी दुकान उघडल्यावर, पहिलं बिल फाडायच्या आत हे काम उरकावं.

सर्व्हर वेळ सांगतो तेव्हा आत काय होतं

या पद्धतीचं नाव एनटीपी, म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड मिल्स यांनी ती रचली आणि १९८५ मध्ये तिचा पहिला मसुदा आला. आज चालते ती चौथी आवृत्ती २०१० मध्ये पक्की झाली. तिच्यातली युक्ती मला फार आवडते, कारण ती पाचवीच्या पोरालाही कळेल इतकी साधी आहे.

अडचण अशी, की सर्व्हरने “आत्ता दहा वाजले” असं सांगितलं तरी तो निरोप आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो. किती लागला ते माहीत नाही. म्हणून चार वेळा टिपल्या जातात. समजा आपल्या घड्याळात बरोबर १०:००:०० असताना विचारणा निघाली. सर्व्हरला ती मिळाली तेव्हा त्याच्या घड्याळात १०:००:०३.०५० होते. त्याने १०:००:०३.०५१ ला उत्तर पाठवलं. आपल्याला ते मिळालं तेव्हा आपल्या घड्याळात १०:००:००.१०१ झाले होते.

जाताना आपल्याला सर्व्हर ३.०५० सेकंद पुढे दिसला. येताना ३.०५१ मधून ०.१०१ वजा केले, म्हणजे २.९५० सेकंद पुढे दिसला. जातानाच्या आकड्यात प्रवासाचा वेळ मिसळला गेला, येतानाच्या आकड्यातून तो वजा झाला. दोघांची सरासरी काढली की प्रवास उडून जातो आणि उरतं ते बरोबर ३ सेकंद. आपलं घड्याळ ३ सेकंद मागे आहे. एकूण प्रवास ०.१०० सेकंदाचा झाला, तेही कळलं.

यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, जायला आणि यायला सारखाच वेळ लागला. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तसं होईलच असं नाही, पण चूक झाली तरी ती एकूण प्रवासाच्या निम्म्याहून जास्त होऊ शकत नाही. इथे ती ०.०५० सेकंदाच्या आत राहील. म्हणून खेड्यातल्या मंद नेटवरही वेळ उत्तम जुळते. नेटचा वेग कमी असला तरी चालतं.

सर्व्हर कोणता निवडायचा

भारताची प्रमाणवेळ सांभाळते ती नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, आपल्या अणुघड्याळांच्या आधारे. तिचा सर्व्हर टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे दोन सर्व्हर आहेत. ‘समय’ हा शब्द इंग्रजीत एस, ए, एम, ए, वाय असा लिहून त्याला चिकटून १ किंवा २, मग डॉट एनआयसी डॉट इन. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर, सेवा पुरवठादार आणि सरकारी संस्था यांना याच सर्व्हरांशी, किंवा यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरांशी, घड्याळं जुळवायला सांगितलं आहे. एखादी पतसंस्था किंवा कारखान्याचं कार्यालय सांभाळत असाल तर हेच वापरा. घरगुती मशीनला स्वयंसेवकांनी चालवलेला एनटीपी पूल चालतो. तो २००३ पासून आहे. पत्ता लिहिताना आयएन, मग डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ओआरजी असं लिहिलं की शक्यतो भारतातले सर्व्हर मिळतात.

लिनक्ससारख्या प्रणालीत एकापेक्षा जास्त सर्व्हर देता येतात. द्यायचे तर चार द्या. दोन देण्यात अर्थ नाही, कारण दोघांत मतभेद झाला तर कोण चुकतंय हे मशीनला ठरवता येत नाही. चारांतला एक बहकला तर उरलेले तिघे त्याला बाजूला काढतात.

सूर्यावरून वेळ लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि छत्रपती संभाजीनगर ७५.३ अंशांवर. म्हणजे तिथे सूर्य डोक्यावर येतो तो सरासरीने बाराला नव्हे, बारा वाजून २९ मिनिटांच्या सुमारास. नांदेडला साधारण बारा एकवीसला.

लिनक्स, आणि एका मशीनवर दोन प्रणाली

टर्मिनलमध्ये टाइम-डेट-सीटीएल ही कमांड सलग, लहान अक्षरांत लिहा. ‘सिस्टिम क्लॉक सिंक्रोनाइज्ड’ पुढे ‘येस’ आणि ‘एनटीपी सर्व्हिस’ पुढे ‘ॲक्टिव्ह’ आलं की झालं. झोन एशिया/कोलकाता हवा.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर साडेपाच तासांचा घोळ होतो. विंडोज आरटीसीमध्ये भारताची वेळ ठेवतं, लिनक्स तिथे यूटीसी ठेवतं. लिनक्स वापरून विंडोजमध्ये आलात की घड्याळ साडेपाच तास मागे. सेल बदलून हे जाणार नाही. लिनक्समध्ये त्याच कमांडपुढे सेट-लोकल-आरटीसी आणि १ लिहून त्यालाही आरटीसीत स्थानिक वेळ ठेवायला सांगा. कमांड एक इशारा दाखवेल, घरच्या मशीनवर तो चालवून घेता येतो.

सीसीटीव्ही आणि बायोमेट्रिक

डीव्हीआरच्या मेनूत आधी झोन जीएमटी+५:३० करा. डीएसटी असेल तर बंद करा, आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ सरकवत नाहीत. मग एनटीपी चालू करून सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट १२३ टाका. एवढं करूनही वेळ बदलत नसेल तर नेटवर्कच्या पानावर डीएनएसचा (सर्व्हरच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी, शोधून देणाऱ्याचा) रकाना बघा. आयपी हाताने दिलेला असतो आणि डीएनएस रिकामा राहतो. मग डीव्हीआरला सर्व्हरचं नावच उलगडत नाही. तिथे राउटरचा पत्ता टाकला की बहुतेक वेळा काम होतं.

चोरी किंवा अपघात झाला आणि फुटेज काढायचं आहे, तर त्याआधी डीव्हीआरचं घड्याळ दुरुस्त करू नका. डीव्हीआरचा पडदा आणि बरोबर वेळ दाखवणारा मोबाईल एका फोटोत येतील असं छायाचित्र घ्या. फरक किती होता तो तारखेसह लिहून ठेवा आणि फुटेज देताना पोलिसांना तो सांगा. घड्याळ आधीच बदललं तर जुन्या चित्रीकरणावरची वेळ किती चुकीची होती हे सिद्ध करणं अवघड होतं. काही डीव्हीआरमध्ये वेळ मागे घेतली की नवं चित्रीकरण जुन्याच्या वेळेवर येतं आणि शोधताना गोंधळ होतो. फुटेज आधी पेनड्राइव्हवर उतरवा, मग वेळ लावा.

वीस मशीनसाठी एकच घड्याळ

लातूर, नांदेडच्या शिकवणीच्या संगणक कक्षात किंवा मोठ्या आडतीवर पुष्कळ यंत्रं असतात, आणि नेट मधूनमधून जातं. तिथे प्रत्येकाने बाहेर विचारत बसण्यापेक्षा आत एक वेळेचा सर्व्हर ठेवावा. जुना, टाकून दिलेला संगणकही चालतो. त्यावर लिनक्स आणि क्रोनी हा वेळ जुळवणारा प्रोग्राम टाका. रास्पबेरी पाय वापरणार असाल तर लक्षात घ्या, चौथ्या पिढीपर्यंतच्या पायमध्ये आरटीसीच नाही. नेट नसताना सुरू झाला तर त्याला वेळ माहीत नसते. जुना डेस्कटॉप आणि नवा सेल, ही जोडी यासाठी बरी.

क्रोनीच्या कॉन्फ फाईलमध्ये वर सांगितलेले सर्व्हर प्रत्येकी एका ओळीत लिहा आणि ओळीच्या शेवटी आय-बर्स्ट हा शब्द जोडा, म्हणजे सुरुवातीलाच तो भराभर चार-पाच विचारणा करून लवकर जुळतो. मग अलाऊ या शब्दापुढे आपल्या जाळ्याचा पट्टा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.०/२४. शेवटी लोकल स्ट्रॅटम १० ही ओळ. स्ट्रॅटम म्हणजे मूळ घड्याळापासूनची पायरी: अणुघड्याळ किंवा जीपीएस शून्यावर, त्याला जोडलेला सर्व्हर एकवर, त्याला विचारणारा दोनवर. सोळा म्हणजे न जुळलेला. दहा लिहिल्याने नेट गेलं तरी हा संगणक आतल्या यंत्रांना वेळ देत राहतो, पण स्वतःला मोठा समजत नाही. या मशीनच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ आतल्या जाळ्यासाठी उघडा, बाहेरच्यांसाठी नाही. मग सगळ्या विंडोज मशीनमध्ये, डीव्हीआरमध्ये आणि एनटीपीची सोय असेल तर बायोमेट्रिकमध्ये, सर्व्हर म्हणून याचाच आतला आयपी टाका.

नेट चार तास नसलं तर हा संगणक एखाद्या सेकंदाच्या अंशाने सरकेल, पण सगळी यंत्रं एकत्रच सरकतील. हजेरी, कॅमेरा आणि बिल यांचा आपसात मेळ राहणं इथे जास्त मोलाचं.

तपासायला क्रोनी-सी ही कमांड सोर्सेस या शब्दासह चालवा. ज्या सर्व्हरपुढे चांदणी आहे तो सध्या निवडलेला, अधिकची खूण म्हणजे चांगला आणि निवडलेल्याच्या जोडीला हिशेबात धरलेला, प्रश्नचिन्ह म्हणजे अजून पोहोचता आलेलं नाही, आणि इंग्रजी एक्स म्हणजे खोटी वेळ सांगणारा म्हणून बाजूला काढलेला. ‘रीच’ या रकान्यात ३७७ दिसायला हवं. हा आकडा अष्टमान पद्धतीचा आहे, त्याचा अर्थ शेवटच्या आठही विचारणांना उत्तर मिळालं. सुरू केल्यावर तो १, ३, ७, १७ असा चढत जातो. ३७७ ला पोहोचायला थोडा वेळ लागतो, तेवढा धीर धरा. तो पुन्हा पुन्हा घसरत असेल तर क्रोनीच्या फाईलला हात लावू नका, आधी राउटरची वायर आणि नेटची लाईन बघा.